व्यक्तिमत्त्व विकारांचे प्रकार कसे समजून घ्यावेत

नागपूरच्या मानेवाडा भागात राहणाऱ्या एका गृहस्थांनी आपल्या धाकट्या बहिणीविषयी विचारले आहे. बहीण 24 वर्षांची आहे. गेल्या तीन वर्षांत तिने दोन नोकऱ्या सोडल्या, जिवाभावाच्या मैत्रिणींशी टोकाची भांडणे झाली आणि दोनदा तिने मनगटावर ब्लेड मारून घेतले. पहिल्या डॉक्टरांनी डिप्रेशन सांगितले, दुसऱ्यांनी बायपोलर (उन्माद आणि उदासीनता यांचे काळ येणारा आजार), आणि आता तिसऱ्यांच्या चिठ्ठीवर ‘बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर’ असे लिहिलेले आहे. इंटरनेटवर अशा व्यक्तिमत्त्व विकारांचे (पर्सनॅलिटी डिसऑर्डर) दहा प्रकार वाचल्यापासून घरातला प्रत्येक जण कोणत्या ना कोणत्या प्रकारात बसतो असे त्यांना वाटू लागले आहे. हे प्रकार नेमके काय आहेत, याला आजार म्हणायचे की स्वभाव, यावर उपचार होतो का, आणि ‘लग्न लावून दिले की सुधारेल’ हे आईचे म्हणणे कितपत खरे, असे त्यांचे प्रश्न आहेत.

सुरुवात आपल्या दुसऱ्या प्रश्नापासून करतो, कारण पहिल्याचे उत्तर त्यावर अवलंबून आहे. ओपीडीत नातेवाईक आम्हाला नेहमी सांगतात, ‘डॉक्टरसाहेब, लहानपणापासून असाच आहे जी तो, स्वभावाला काय औषध?’ या वाक्याचा पहिला अर्धा भाग निदानासाठी अतिशय मोलाचा असतो आणि दुसरा अर्धा भाग चुकीचा असतो. कोणी तापट असतो, कोणी भिडस्त, कोणी कमालीचा काटेकोर. एवढ्यावरून कोणालाही आजारी ठरवण्याचा अधिकार आम्हाला नाही. मात्र हीच वैशिष्ट्ये जेव्हा इतकी ताठर होतात की प्रसंग आणि समोरचा माणूस बदलला तरी प्रतिसाद बदलत नाही, हा साचा किशोरवयापासून किंवा तारुण्याच्या आरंभापासून वर्षानुवर्षे टिकून राहतो, घर, नोकरी, मैत्री, संसार अशा बहुतेक ठिकाणी तो दिसतो आणि त्यापायी त्या व्यक्तीचे किंवा तिच्या जवळच्यांचे आयुष्य पुन्हा पुन्हा विस्कटते, तेव्हा आम्ही त्याला व्यक्तिमत्त्व विकार म्हणतो. जर्मन मनोविकारतज्ज्ञ कुर्ट श्नायडर यांनी 1923 मध्ये अशा व्यक्तिमत्त्वांचे वर्णन करताना एक साधी कसोटी मांडली होती: आपल्या वेगळेपणाचा ज्यांना स्वतःला त्रास होतो किंवा ज्यांच्यामुळे समाजाला त्रास होतो, ते लोक. शंभर वर्षांनंतरही ही कसोटी व्यवहारात टिकून आहे.

या व्याख्येतील ‘बहुतेक ठिकाणी’ ही अट लोक हमखास विसरतात. घरी बायकोवर हात उगारणारा आणि कार्यालयात साहेबांसमोर अदबीने वागणारा नवरा मला दाखवून ‘याला कोणता विकार आहे?’ असे विचारले जाते. जो माणूस कुठे आवरायचे हे नेमके जाणतो, त्याच्या वागण्याला विकाराचे नाव देणे म्हणजे त्याला सबब पुरवणे होय. ती घरगुती हिंसा आहे आणि तिच्यासाठी 2005 चा कायदा आहे. तसेच सासूच्या हाती घराच्या किल्ल्या आणि पैसा असणे ही कुटुंबातील सत्तेची रचना आहे, तिचे नाव नार्सिसिझम म्हणजे विकृत आत्मप्रेम नाही. व्हिडिओ पाहून नात्यातल्या प्रत्येक कठोर माणसाला नार्सिसिस्ट ठरवण्याची जी लाट सध्या आली आहे, तिने खऱ्या रुग्णांचे नुकसान होते आणि खऱ्या पीडितांचेही.

दुसरी अट काळाची आहे. जन्मभर शांत आणि हिशेबी असलेला माणूस पंचावन्नाव्या वर्षी एकाएकी शिवराळ, उधळा किंवा बेफिकीर झाला, तर तो व्यक्तिमत्त्व विकार नव्हे. तेथे मेंदूच्या पुढच्या भागाचा आजार, ट्यूमर किंवा डोक्याची इजा यांचा शोध आधी घ्यावा लागतो आणि अशा रुग्णाला आम्ही प्रथम एमआरआय करायला सांगतो.

आता प्रकारांकडे येऊ. आपण वाचलेले दहा प्रकार हे अमेरिकन सायकियाट्रिक असोसिएशनच्या डीएसएम या निदानपुस्तिकेतील आहेत आणि त्यांचे ए, बी आणि सी असे तीन गट पाडलेले आहेत. लक्षणांच्या याद्या पाठ करून हे प्रकार समजत नाहीत असा माझा अनुभव आहे, कारण याद्यांतील प्रत्येक ओळ थोड्याफार प्रमाणात प्रत्येकाला लागू पडते. आपल्याला घरातला प्रत्येक जण रुग्ण वाटू लागला तो याचमुळे. मी शिकाऊ डॉक्टरांना एकच प्रश्न विचारायला सांगतो: या व्यक्तीला दुसऱ्या माणसाकडून कशाची भीती वाटते आणि काय हवे असते? या प्रश्नाच्या उत्तरावरून बाहेरून सारखी दिसणारी वागणूकही वेगवेगळी ओळखता येते.

ए गटात तीन प्रकार येतात. पॅरानॉइड म्हणजे संशयी व्यक्तिमत्त्वाला फसवले जाण्याची भीती असते. असा माणूस साध्या बोलण्यात टोमणा शोधतो, जुना अपमान वीस वर्षांनीही तारखेसह सांगतो, भाऊहिस्से आणि शेतीच्या बांधाचे वाद कोर्टात नेऊन लढत राहतो आणि जोडीदाराच्या निष्ठेवर आधार नसताना संशय घेतो. हा संशय भ्रमाच्या पातळीला गेला, म्हणजे पुरावा कितीही दिला तरी तिळमात्र हलेनासा झाला किंवा कानात आवाज येऊ लागले, तर तो वेगळा आजार आहे आणि त्यावर औषधे लगेच सुरू करावी लागतात. स्किझॉइड व्यक्तीला इतरांकडून फारसे काही नकोच असते. तिला एकटेपणाचा त्रास होत नाही, त्रास होतो तो लग्नाचा आग्रह धरणाऱ्या नातलगांना. स्किझोटायपल व्यक्तीमध्ये चमत्कारिक समजुती, विचित्र बोलणे आणि लोकांच्या सहवासात न ओसरणारी अस्वस्थता दिसते. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात हा प्रकार व्यक्तिमत्त्व विकारांत न धरता स्किझोफ्रेनिया या भ्रम आणि भासांच्या आजाराच्या कुटुंबात ठेवला आहे, आणि मला ते अधिक योग्य वाटते. येथे एक खबरदारी आपल्या भागासाठी फार आवश्यक आहे. ताजबागला चादर चढवणे, कोराडीच्या देवीला नवस बोलणे किंवा मुलाची दृष्ट काढणे ही समाजाने मिळून जपलेली श्रद्धा आहे, तिला लक्षण म्हणता येत नाही. आपल्याच समाजातील, आपल्याच श्रद्धेच्या लोकांनाही जी समजूत विचित्र वाटते, तिच्याकडे डॉक्टरांचे लक्ष जायला हवे.

बी गट आपल्या बहिणीशी संबंधित असल्यामुळे तो मी मुद्दाम मागे ठेवतो आणि आधी सी गटाविषयी सांगतो.

सी गटाच्या मुळाशी चिंता असते. अव्हॉइडंट व्यक्ती बाहेरून स्किझॉइडसारखीच एकटी दिसते, पण हिला माणसे हवी असतात आणि हसे होण्याची, नाकारले जाण्याची भीती तिला जवळ जाऊ देत नाही. वर्गात उत्तर येत असूनही हात वर न करणारा, बढतीनंतर लोकांसमोर बोलावे लागेल म्हणून बढतीच नाकारणारा माणूस या प्रकारात असू शकतो. डिपेंडंट व्यक्तीला आपण एकटे जगू शकणार नाही अशी भीती असते आणि म्हणून साडी कोणती घ्यावी येथपासून नोकरी करावी की नाही येथपर्यंतचे निर्णय ती दुसऱ्यावर सोपवते. मात्र ज्या घरात सुनेने विचारल्याशिवाय माहेरी फोनही करू नये अशी अपेक्षा असते, त्या घरातील सुनेला डिपेंडंट म्हणणे अन्यायाचे आहे. निर्णय घेण्याची मोकळीक मिळाल्यावरही ती घेऊ शकत नसेल, तरच विकाराचा विचार करावा.

याच गटातील ऑब्सेसिव्ह-कम्पल्सिव्ह व्यक्तिमत्त्व विकाराची ओसीडी म्हणजे मंत्रचळ या आजाराशी कायम गल्लत होते. ओसीडीच्या रुग्णाला स्वतःच्या विचारांचा जाच होतो. हात पुन्हा पुन्हा धुणे निरर्थक आहे हे बहुतेकांना कळते आणि त्यातून सुटण्यासाठीच ते आमच्याकडे येतात. या व्यक्तिमत्त्वाच्या माणसाला मात्र आपलेच बरोबर वाटते आणि उरलेले जग ढिसाळ वाटते. शिक्का किंचित तिरका पडला म्हणून अख्खे पत्र पुन्हा टाइप करायला लावणारे एक अधीक्षक माझ्या डोळ्यांपुढे आहेत. (येथील सर्व उदाहरणे अनेक रुग्णांच्या हकिकती मिसळून आणि तपशील बदलून दिली आहेत.) त्यांच्या टेबलावरील फाइली वेळेत पुढे सरकत नसत, कारण हाताखालच्यांनी केलेले प्रत्येक काम ते स्वतः पुन्हा करीत. रविवारीही घरी हिशेबाची वही उघडलेली असे आणि भाजीच्या पिशवीतील सुट्या पैशांवरून मुलांची झाडाझडती होई. ते रक्तदाब आणि निद्रानाशासाठी आले होते. स्वभावाविषयी काही बोलायचे आहे हे त्यांच्या पत्नीने दाराबाहेर थांबून मला सांगितले. अशा माणसाला ‘जरा सैल व्हा’ असे सांगून काही होत नाही. चूक झाली तर आपली किंमत शून्य होईल, ही त्यांची भीती हळूहळू समोर आणावी लागते, आणि ती समोर आल्यावर त्यांच्यात होणारा बदल फार समाधान देणारा असतो.

आता बी गट. यात चार प्रकार आहेत. अँटीसोशल व्यक्तिमत्त्व विकाराचा समारंभात न मिसळणाऱ्या माणसाशी काहीही संबंध नाही. दुसऱ्याचे हक्क आणि भावना पायदळी तुडवणे, सतत खोटे बोलणे, फसवणूक आणि पश्चात्तापाचा अभाव ही त्याची खूण आहे. हे निदान 18 वर्षांच्या आत करता येत नाही, आणि 15 वर्षांच्या आधीपासून गंभीर वर्तनदोष दिसत असल्याखेरीज पुढेही करता येत नाही. हिस्ट्रिऑनिक प्रकारात सर्वांचे लक्ष आपल्यावर असावे अशी भूक असते. या निदानाबाबत मी स्वतः हात आखडता ठेवतो, कारण ठसठशीत कपडे घालणाऱ्या आणि मोकळेपणाने बोलणाऱ्या स्त्रियांवर ते फार सहज चिकटवले गेले आहे. नार्सिसिस्टिक व्यक्तीचा अहंकार बाहेरून भक्कम दिसतो, पण आत लाजेची जखम असते आणि कौतुकाचा पुरवठा थांबला की ती उघडी पडते. असे लोक स्वतःहून क्वचितच येतात. येतात ते निवडणूक हरल्यावर, धंदा बुडाल्यावर किंवा निवृत्तीनंतर, डिप्रेशन घेऊन. त्या वेळी त्यांचा आत्महत्येचा धोका गांभीर्याने घ्यावा लागतो, ही गोष्ट त्यांच्यावर चिडलेल्या कुटुंबाला समजावणे सोपे नसते.

चौथा प्रकार बॉर्डरलाइन. या व्यक्तीची सर्वांत मोठी भीती टाकून दिले जाण्याची असते. डीएसएमने याचे नऊ निकष दिले आहेत आणि त्यातील किमान पाच जुळावे लागतात: सोडून जाणे खरे असो वा मनातले, ते टाळण्यासाठीची जिवापाड धडपड, माणसाला आज देव्हाऱ्यात बसवणे आणि उद्या धुळीला मिळवणे, आपण नेमके कोण आहोत याविषयीची अस्थिरता, पैसा, नशा, वाहन, खाणे किंवा शरीरसंबंध यांत घातक उतावीळपणा, स्वतःला इजा किंवा आत्महत्येचे प्रयत्न, दिवसातून अनेकदा पालटणारी मनःस्थिती, आतला सततचा पोकळपणा, न आवरणारा राग, आणि फार ताण आला की थोड्या वेळापुरते येणारे संशय किंवा स्वतःपासून तुटल्यासारखे वाटणे. भेटीची वेळ संपत आली म्हणून मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले, तेवढ्यावरून ‘तुम्हालाही मी नकोशी झाले’ असे म्हणून ताडकन उठून गेलेली आणि संध्याकाळी माफीचा लांबलचक मेसेज पाठवणारी मुलगी मी एकदा नव्हे, अनेकदा पाहिली आहे. मे महिन्याच्या दुपारी तापलेल्या लोखंडी फाटकाला हात लागावा तसा तिला दुसऱ्याच्या चेहऱ्यावरचा साधा कंटाळा लागतो. बाहेरच्याला ते नाटक वाटते. तिला होणारी वेदना मात्र खरी असते, आणि मनगटावरचे ब्लेड बहुतेक वेळा ती वेदना क्षणभर थांबवण्यासाठी असते.

हा प्रकार पुरुषांमध्येही असतो. दवाखान्यात स्त्रिया अधिक येतात, आणि पुरुषांमध्ये तोच त्रास दारू, मारामारी किंवा भरधाव गाडीच्या रूपाने पुढे येतो, म्हणून त्यांचे निदान अनेकदा निसटते.

तीन डॉक्टरांची तीन निदाने का झाली, हे आता सांगतो. यावरून लगेच डॉक्टरांवरचा विश्वास उडू देऊ नये. नऊपैकी कोणतेही पाच किंवा अधिक निकष चालतात, म्हणजे या एकाच निदानाच्या 256 वेगवेगळ्या जुळण्या होऊ शकतात, आणि हे निदान असलेल्या दोन रुग्णांत फक्त एकच लक्षण समान असू शकते. शिवाय अनेक रुग्णांना एकापेक्षा अधिक प्रकारांचे निकष लागू पडतात. प्रकारांच्या या पेट्या इतक्या गळक्या असल्यामुळेच जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये मंजूर केलेल्या आणि 2022 पासून लागू झालेल्या आयसीडी-11 या रोगवर्गीकरणात बहुतेक पेट्या काढून टाकल्या. तेथे आता आधी विकार सौम्य, मध्यम की तीव्र हे ठरवतात आणि मग नकारात्मक भावनांचा जोर, अलिप्तता, समाजविरोधी कल, उतावीळपणा आणि अति-काटेकोरपणा या पाच अंगांपैकी कोणते ठळक आहे ते नोंदवतात. बॉर्डरलाइन हा आकृतिबंध तेवढा जोडीला ठेवला आहे, कारण त्याच्यासाठीचे उपचार सिद्ध झाले आहेत. मला ही नवी पद्धत अधिक प्रामाणिक वाटते. ‘किती’ हा प्रश्न रुग्णाच्या भवितव्यासाठी ‘कोणता’ या प्रश्नापेक्षा बहुधा अधिक महत्त्वाचा असतो.

बायपोलरशी होणारी गफलत मात्र टाळता येण्यासारखी आहे, आणि त्यात घरच्यांची मदत होते. बायपोलरमधील उन्मादाचा काळ साधारण आठवडाभर किंवा त्याहून अधिक, त्याची सौम्य अवस्था किमान चार दिवस आणि उदासीनतेचा काळ किमान दोन आठवडे सलग टिकतो. उन्मादात झोपेची गरजच कमी होते, तीन तास झोपूनही रुग्ण ताजातवाना असतो, आणि या अवस्थेला बाहेरचे कारण असेलच असे नाही. बॉर्डरलाइनमध्ये मनःस्थिती तासातासाला पालटते आणि जवळजवळ प्रत्येक वेळी मागे नात्यातला काही प्रसंग असतो: न उचललेला फोन, पाहून उत्तर न दिलेला मेसेज, भावाने वहिनीची घेतलेली बाजू. दोन्ही आजार एकाच व्यक्तीत असू शकतात, आणि डिप्रेशन तर बॉर्डरलाइनसोबत बहुतांश वेळा असतेच, त्यामुळे पहिल्या डॉक्टरांचे निदानही त्या दिवसापुरते बरोबर असू शकेल. व्यक्तिमत्त्वाचे निदान दहा मिनिटांच्या भेटीत, तेही रुग्ण संकटात असताना, करू नये, एवढे मी ठामपणे सांगेन. दोन-चार भेटी, लहानपणापासूनचा इतिहास, घरच्यांपैकी एखाद्याशी रुग्णाच्या संमतीने वेगळे बोलणे आणि गरज असल्यास क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडून मुलाखत व चाचण्या, एवढे व्हायला हवे.

कारणांविषयी थोडक्यात. आनुवंशिकता आणि परिस्थिती या दोहोंचा वाटा असतो. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनेहान यांची मांडणी सर्वांत उपयोगी आहे: जन्मतः भावना तीव्र असलेले मूल आणि त्याच्या भावनांना सतत ‘काही नाही, उगाच रडू नको’ म्हणून खोडून काढणारे वातावरण, यांची गाठ पडली की भावना हाताळणे शिकायचेच राहून जाते. अनेक रुग्णांच्या बालपणी मारहाण, लैंगिक अत्याचार किंवा उपेक्षा झालेली आढळते, पण सर्वांच्या नाही; त्यामुळे निदान ऐकून आई-वडिलांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करू नये, आणि घडून गेले आहे असे बहीण सांगू लागली तर तिला गप्पही करू नये.

उपचाराच्या बाबतीत मी पूर्ण आशेने लिहू शकतो, आणि ही आशा पुराव्यावर उभी आहे. अमेरिकेतील मॅकलिन रुग्णालयात मेरी झनारिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, कधीतरी भरती व्हावे लागले होते अशा बॉर्डरलाइन रुग्णांचा दीर्घकाळ पाठपुरावा केला. दहा वर्षांत दहापैकी नऊहून अधिक जणांची लक्षणे किमान दोन वर्षे निदानाच्या निकषांखाली गेली. त्याच अभ्यासात नोकरी आणि नाती दोन्ही नीट सावरलेले मात्र सुमारे निम्मेच निघाले, म्हणून लक्षणे ओसरली तरी शिक्षण आणि काम सुटू न देणे हा उपचाराचाच भाग मानावा. लिनेहान यांनी विकसित केलेल्या डायलेक्टिकल बिहेवियर थेरपीने स्वतःला इजा करण्याचे प्रमाण घटते, हे 1991 पासूनच्या चाचण्यांतून दिसले आहे. त्यात आठवड्याला एक वैयक्तिक भेट आणि एक गट असतो, आणि चार गोष्टी शिकवल्या जातात: क्षणाचे भान, संकट न वाढवता ते सोसणे, भावना हाताळणे आणि नाते न तोडता आपले म्हणणे मांडणे. हा संपूर्ण कार्यक्रम जसाच्या तसा आपल्याकडे सहज मिळत नाही. पण कॅनडात 180 रुग्णांवर झालेल्या आणि 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, एका वर्षाअखेर या थेरपीचा गट आणि शिस्तबद्ध, नियमित साध्या मनोविकार उपचारांचा गट जवळपास सारखेच सुधारले. याचा अर्थ आपल्यासाठी फार मोठा आहे: हा आजार समजणारी, त्यावर न चिडणारी एक व्यक्ती ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी वर्षभर भेटत राहिली तर पुष्कळ काही होते. नागपुरात मेडिकल, मेयो आणि एम्स या सरकारी रुग्णालयांत मनोविकार विभाग आहेत आणि खासगी तज्ज्ञही आहेत. सायकॉलॉजिस्ट निवडताना त्यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे का, हे मोकळेपणाने विचारावे. वारंवार डॉक्टर बदलू नयेत. बहीण एखाद्या दिवशी ‘मला त्यांच्याकडे पुन्हा जायचेच नाही’ म्हणेल, आणि तो दिवस उपचाराचा सर्वांत कामाचा दिवस ठरू शकतो.

बॉर्डरलाइन विकार बरा करणारी गोळी अजून नाही. सोबतच्या डिप्रेशनसाठी किंवा संकटाच्या काळापुरती औषधे देतात, पण चिठ्ठीवर सहा-सात औषधे साचली असतील तर कोणते औषध कशासाठी आहे हे डॉक्टरांना विचारणे आपला हक्क आहे. अल्प्राझोलामसारख्या शांत करणाऱ्या गोळ्यांनी या रुग्णांचा उतावीळपणा कधी कधी वाढतो आणि सवय लागते. एका वेळी आठवड्याचीच औषधे घरात ठेवावीत आणि ती आपल्या ताब्यात असावीत.

याहून महत्त्वाची एक गोष्ट आपल्या विदर्भासाठी आहे. घरात किंवा गावच्या घरी शेतीची कीटकनाशके, तणनाशके किंवा उंदीर मारण्याचे औषध असेल तर ते आजच हलवावे किंवा कुलपात ठेवावे. उतावीळ क्षण अनेकदा काही मिनिटांत ओसरतो. त्या काही मिनिटांत हाताशी काय आहे यावर जीव अवलंबून असतो. तिने स्वतःला इजा केल्याचे दिसले तर आरडाओरडा, मारणे, शपथा घालणे यातले काही करू नये आणि ‘लक्ष वेधण्यासाठी करते’ म्हणून दुर्लक्षही करू नये. जखमेवर शांतपणे उपचार करावा, ‘तुला आत्ता जीव द्यावासा वाटतो आहे का?’ असे सरळ विचारावे. असे विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही. उत्तर होकारार्थी असेल तर तिला एकटे न सोडता रुग्णालयात न्यावे. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या क्रमांकावर चोवीस तास मराठीत बोलता येते. पोलीस केस होईल या भीतीने उशीर करू नये: 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचे कलम 115 अशा व्यक्तीला तीव्र ताणाखालील समजून तिला शिक्षा न करता काळजी पुरवण्याची जबाबदारी सरकारवर टाकते.

रोजच्या व्यवहारात एक सवय लावून घ्यावी. तिच्या भावनेला आधी मान्यता द्यावी आणि वागण्याची मर्यादा नंतर सांगावी. ‘मी फोन उचलला नाही म्हणून तुला फार लागले, हे मला समजते आहे, पण कामावर असताना मी उचलू शकत नाही, सातला मीच करीन’ असे म्हणावे, आणि सातला खरोखर फोन करावा. मान्यता म्हणजे सहमती नव्हे. रडून किंवा धमकी देऊन एखादी गोष्ट एकदा मिळाली आणि पुढच्या वेळी त्याच कारणासाठी मार पडला, असा लहरी व्यवहार घरात असेल तर कोणताही उपचार तोकडा पडतो.

राहिला लग्नाचा प्रश्न. आईची काळजी मी समजू शकतो. 24 व्या वर्षी स्थळे येत असतील आणि नातेवाईक विचारत असतील. परंतु ज्या विकाराचे मूळ जवळच्या नात्यातल्या भीतीत आहे, त्याच्यावर सर्वांत जवळचे आणि तेही अनोळखी घरातील नाते हा उपचार होऊ शकत नाही. नव्या घरात तिच्या भावना समजणारे कोणी नसते, उपचार तुटतो आणि पहिल्याच वर्षी प्रकरण माहेरी परत येते, असे मी वारंवार पाहतो. पुढे तेच निदान कोर्टात घटस्फोटाचे हत्यार म्हणून पुढे केले जाते. हिंदू विवाह कायद्यात मानसिक विकाराचे कारण आहे, पण केवळ निदानाचे नाव पुरेसे नसते, जोडीदारासोबत राहणे अवाजवी ठरावे इतकी तीव्रता सिद्ध करावी लागते, हे सर्वोच्च न्यायालयाने 1988 मध्येच स्पष्ट केले आहे. तरीही त्या लढाईत मुलीची होणारी विटंबना कोणतेही न्यायालय भरून देत नाही. तिने लग्न करूच नये असे मी म्हणत नाही. उपचार स्थिरावल्यावर, स्वतःला इजा करणे थांबून वर्षभर झाल्यावर, तिच्या इच्छेने आणि त्या मुलाला खरे सांगून केलेली लग्ने चांगली टिकलेली मला माहीत आहेत. आईला हे आपण घरी समजावण्यापेक्षा पुढच्या भेटीत डॉक्टरांकडून ऐकू द्यावे.

त्या भेटीला जाताना तिन्ही डॉक्टरांच्या चिठ्ठ्या तारखेप्रमाणे लावून न्याव्यात. एका कागदावर मागील दोन महिन्यांत तिची मनःस्थिती कोणत्या प्रसंगानंतर पालटली आणि किती वेळ तशी राहिली, त्या दिवसांत ती किती झोपली, एवढेच लिहावे. त्यात कोणाविषयीही मत लिहू नये. हा कागद तिला आधी दाखवावा आणि तिला एखादी नोंद चुकीची वाटली तर तिचे म्हणणे तिच्याच हाताने त्याच्या शेजारी लिहू द्यावे.